मुंबईच्या घड्याळाचे पाच

जुन्या काळी माणसं सूर्याबरोबर उठायची, सूर्याबरोबर निजायची, घड्याळाची कटकट नव्हती, असं कुणी हळव्या आवाजात सांगायला लागलं की माझं डोकं उठतं. सांगणारे बहुतेक पुरुष असतात. त्यांच्यापुढे वेळेवर वाढलेलं ताट येत होतं, त्यामुळे सूर्य काय आणि घड्याळ काय, दोन्ही त्यांच्या सोयीचेच होते. मी सोलापुरात वाढले. माझ्या लहानपणी तिथे घड्याळाची कटकट होती, आणि ती कुणाच्या पोटावर आली हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे.

तेव्हा गावात दोन वेळा चालायच्या. स्टेशनावर स्टँडर्ड टाइम. गाड्या त्यावर, कचेऱ्या त्यावर, गिरणीचे भोंगे त्यावर. दुसरी मुंबईची वेळ. मुंबईने स्टँडर्ड टाइम मानला नव्हता, तिथलं घड्याळ एकोणचाळीस मिनिटं मागे असे, आणि मुंबईशी ज्यांचा धंदा होता त्यांच्यापैकी काहीजण सोलापुरात बसून मुंबईची वेळ पाळायचे. म्हाताऱ्या माणसांना दोन्ही नकोत, ती अंगणातली सावली बघून जेवायला बसायची. कुणाला ‘पाच वाजता या’ म्हटलं की तो विचारी, “कुठले पाच?” यात कुणाला वावगं वाटत नसे. उलट आपली वेळ कोणती हे लोक मिशीला पीळ देऊन सांगत.

माझ्या वडिलांचं नवी पेठेत कापडाचं दुकान होतं आणि घर दुकानामागच्या बोळात. घरात वडील, आई, वडिलांची थोरली बहीण म्हणजे माझी आत्या, आणि आम्ही भावंडं. त्यात मी सगळ्यांत मोठी. आत्या फार लहानपणी विधवा होऊन माहेरी परत आली होती. घर तिच्या शब्दावर चाले.

आम्ही जैन. दिवस मावळल्यावर आमच्यात जेवत नाहीत. शास्त्रात तर मावळायच्या दोन घटका आधीच आटपावं असं आहे, पण आमच्या घरात सूर्य दिसतोय तोवर चालायचं. एकदा तो गेला की मोठ्यांना अन्न नाही आणि पाणीही नाही, ते थेट दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत. हा एक नियम. दुसरा नियम शास्त्रात कुठेही नव्हता पण त्याहून कडक होता. बाईने नवऱ्याच्या आधी जेवायचं नाही. वडील उठले की त्यांच्याच ताटात आई बसायची. हे दोन्ही नियम आमच्या घरात वर्षानुवर्षं एकत्र नांदत होते, आणि त्यांचं एकमेकांशी काही वैर आहे हे कुणाच्या लक्षात आलं नव्हतं, कारण वडील वेळेवर घरी येत होते.

त्यांची यायची वेळ संध्याकाळी पाच. स्टेशनच्या घड्याळाचे पाच. वडील वक्तशीर होते आणि त्याचा त्यांना ताठा होता. ‘पाच म्हणजे पाच’ हे वाक्य दिवसातून दोनदा तरी त्यांच्या तोंडून निघे. येऊन हातपाय धुऊन ते सावकाश जेवत, दुकानातल्या गिऱ्हाइकांच्या नकला करत, आणि पुन्हा दुकानात जात. मग आई बसे. थंडीत दिवस पावणेसहाच्या सुमाराला जातो, त्यामुळे दिवाळी ते संक्रांत तिची जरा घाई होई. पण भाकरी, आमटी, शेंगांची चटणी असं तिचं जेवण होई. सोलापूरच्या उन्हाळ्याला सगळं गाव शिव्या घालतं. माझ्या आईला मात्र तो आवडायचा. चैत्र-वैशाखात सात वाजेपर्यंत उजेड असे आणि ती मांडी घालून, आमच्याशी बोलत, पोटभर जेवे. “लांब दिवस बरा बाई,” असं ती म्हणायची.

यात मलाही एक काम होतं. घराला माळवद होतं, मातीचं सपाट छप्पर. थंडीच्या दिवसांत आई जेवायला बसली की मी माळवदावर जाऊन पश्चिमेकडे बघत उभी राहायची. सूर्य दिसत असला की माळवदातल्या झरोक्यातून खाली ओरडायचं, “दिवस आहे.” तो खाली गेला की ओरडायचं, “दिवस गेला.” मग आई असेल तिथे हात थांबवी. हे काम मला फार मानाचं वाटे. माझ्या हाकेवर घरातली बाई जेवते आणि थांबते, एवढा अधिकार मला पुढे आयुष्यात कधी मिळाला नाही, आणि मिळाला नाही तेच बरं झालं.

तीस सालाच्या आगेमागे गावात हवा तापली होती. प्रभातफेऱ्या निघत होत्या, विलायती कापडावर बहिष्कार घाला म्हणून तरुण मंडळी पेठेत दुकानादुकानांपुढे उभी राहत होती. वडिलांच्या कपाटात विलायती मलमल होती, चांगली गठ्ठ्यांनी होती. ती टाकून द्यायची म्हणजे जिवावर आलं असतं. पण देशासाठी काहीतरी करायला तर हवं होतं, कारण शेजारचे दुकानदार करत होते. वडिलांनी मार्ग काढला. एका संध्याकाळी चार माणसं जमवून त्यांनी जाहीर केलं की स्टँडर्ड टाइम हा सरकारचा टाइम आहे, तो आपल्यावर लादलेला आहे, मुंबईच्या लोकांनी तो झुगारून दिला आणि आजपासून आपणही झुगारला. “सरकारचं घड्याळ मी खिशात बाळगणार नाही,” ते म्हणाले. चेनचं घड्याळ सगळ्यांदेखत बाहेर काढलं, एकोणचाळीस मिनिटं मागे घेतलं आणि पुन्हा बंडीच्या खिशात टाकलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. दुकानावर पाटी लागली: ‘येथे मुंबई टाइम पाळला जातो.’ पाटीखाली मलमल पहिल्यासारखीच विकली जात होती.

खोटं कशाला बोलू, मलाही अभिमान वाटला. शाळेत मी मैत्रिणींना सांगत सुटले की आमच्या घरात सरकारची वेळ चालत नाही. घरातलं भिंतीवरचं घड्याळही वडिलांनी स्टुलावर चढून मागे केलं. ते चैत्राचे दिवस होते. वडील मुंबईच्या पाचला म्हणजे खऱ्या साडेपाचच्या पुढे यायला लागले, तरी ऊन भरपूर असे. आईच्या जेवणाला काही धक्का लागला नाही, म्हणून कुणी त्याचा विचारही केला नाही. पावसाळा गेला, नवरात्र गेलं. त्या वर्षी आईला बाळ झालं, माझा सगळ्यांत धाकटा भाऊ. दिवाळीत तो तीन महिन्यांचा होता आणि अंगावर पीत होता.

भाऊबीज झाली आणि दिवस भराभर आखडले. मला ती पहिली संध्याकाळ आठवते. घड्याळात पाच वाजले, वडील ठरल्याप्रमाणे दारात. मी माळवदावर. सूर्य पलीकडच्या घरांच्या कठड्याला टेकायला आलेला. वडील जरा घाईने जेवले, घाई करावी लागते म्हणून कुरकुरलेही. ते हात धुवायला उठले आणि आईने त्यांच्या ताटात भाकरी घेतली. तिने तुकडा मोडला आणि मी वरून ओरडले, “दिवस गेला.”

मी खाली आले तेव्हा आई तो तुकडा पुन्हा ताटात ठेवत होती. तिने ताट उचललं, भाकरी गाईला घातली, भांडी घासायला बसली. उद्या होईल लवकर, असं तिला वाटलं असावं. दुसऱ्या दिवशीही तसंच झालं, तिसऱ्या दिवशीही. मुंबईचे पाच वाजल्यापासून आमच्या माळवदावरचा सूर्य जायला जेमतेम नऊ-दहा मिनिटं उरत होती. तेवढ्यात वडिलांचं कसंबसं होई. आईच्या वाट्याला काही उरत नसे. दुपारी बाराला ती जे खाई ते दुसऱ्या दिवशीच्या बारापर्यंत, आणि ते बारासुद्धा मुंबईचेच.

आमच्या दुकानात मैंदर्गीकडचा एक वयस्क गडी होता, गठ्ठे वाहायला. तो संध्याकाळी वडिलांमागून घरी येऊन गोठ्यात गाईला वैरण टाकी. पाच-सहा दिवस त्याने गाईपुढे भाकरी पडताना पाहिली आणि मला म्हणाला, “ताई, मालकाचं घड्याळ मुंबईचं हाय, दिवस हितला हाय. कसं जुळावं?” अडाणी गड्याला जे आठवड्यात कळलं ते माझ्या वडिलांना कळलं नाही. पुढे सगळे मला समजावत राहिले की त्यांना माहीत नव्हतं गं. मी म्हणते, एवढंसं घर, तीन हातांवर चूल, आणि आपल्या ताटात बसलेली बायको जेवली की नाही हे माहीत नसायला माणसाला रोज मान वळवून बसावं लागतं. ते तसे बसत होते.

मी त्यांना सांगितलं. बारा वर्षांची मुलगी वडिलांशी बोलेल तेवढंच बोलले. “अण्णा, थोडं लवकर या की. साडेचारला.”

“का?”

“दिवस लवकर जातो आता.”

“मग दिवसाला सांग,” ते हसून म्हणाले. “मी पाचला येतो. आज पाच, उद्या साडेचार, परवा सव्वाचार, असं केलं तर लोक काय म्हणतील? टाइम पाळतो म्हणून पाटी लावलीय आपण.”

“आईचं जेवण होत नाही.”

ते आईकडे न बघता म्हणाले, “का गं, होत नाही का जेवण?” आई चुलीपाशी होती. ती म्हणाली, “होतं की. तिचं काय ऐकता.” आणि ते गेल्यावर तिने माझ्या दंडाला असा चिमटा काढला की वळ उठला. त्या वळाचा मला जेवढा राग आला तेवढा वडिलांच्या हसण्याचाही आला नव्हता. ज्या बाईसाठी मी भांडत होते तिनेच मला खोटं पाडलं होतं.

मग मी जे केलं ते आज सांगते. कार्तिक संपत आला होता. बाळ दिवसभर किरकिरत होतं, आईला दूध पुरत नव्हतं. वडील जेवून उठले. सूर्य कठड्याखाली गेला तो मी पाहिला, स्वच्छ पाहिला, आणि झरोक्यातून ओरडले, “दिवस आहे.” आभाळ लाल होतं. मी वर उभी राहून मनात शंभर मोजले, पुन्हा ओरडले, “दिवस आहे.” खाली आई जेवत होती. वाटीचा आवाज येत होता. मला इतका आनंद झाला की मी तिथेच बसून राहिले आणि अंधारून आलं तेव्हा कुठे “दिवस गेला” म्हणाले.

आत्या मंदिरातून परत आली ती उंबऱ्यातच थांबली. तिने रस्त्यात दिवे लागलेले पाहिले होते. आईच्या हातात अजून ताट होतं. आत्या माझ्याकडे बघत राहिली. आईने मला जवळ बोलावलं आणि विचारलं, “दिवस होता का गं?”

मी हो म्हणू शकले असते. पण मला तेव्हा राग होता, आणि रागात मला वाटलं की खरं सांगितलं तर कुणीतरी वडिलांना जाब विचारेल. मी म्हणाले, “नव्हता. मी मुद्दाम ओरडले. तू उपाशी मरशील म्हणून.”

आईने खळखळून चूळ भरली. मला मारलं नाही, रागावली नाही. दुसऱ्या दिवशी तिने प्रायश्चित्त म्हणून पूर्ण उपास केला. दुपारचंही जेवण नाही, फक्त पाणी. म्हणजे मी तिला चार घास मिळवून दिले आणि तिच्या तोंडचं सगळं जेवण काढून घेतलं. वडिलांना कुणीही काहीही विचारलं नाही. माझं माळवदावरचं काम मात्र आत्याने काढून माझ्या धाकट्या बहिणीला दिलं, आणि ती भित्री पोर सूर्य कठड्याला टेकला की लगेच ओरडायची.

त्यानंतर आठ-दहा दिवसांनी आई मंदिरात पडली. सकाळची पूजा चालली होती, बायकांची गर्दी होती, मी बाळाला घेऊन मागे उभी होते. आई तांदळाचं ताट हातात घेऊन उभी होती, ताटासकट खाली गेली. बायकांनी पाणी मारलं, कांदा हुंगवायचा म्हटलं तर मंदिरात कांदा कुठला. तिने डोळे उघडल्यावर एका म्हातारीने विचारलं, “काय गं, जेवलीबिवली होतीस का काल?”

सगळ्या बायका आत्याकडे बघायला लागल्या. घरात सुनेला खायला घालत नाहीत का, हा प्रश्न अजून कुणी बोललं नव्हतं पण तो तिथे आला होता. आत्याने पदर सावरला आणि मोठ्याने म्हणाली, “एकाशन चालू आहे तिचं. दिवाळीपासून. आम्ही सांगितलं, अंगावरचं पोर आहे, नको करू. ऐकत नाही.”

एकाशन म्हणजे दिवसातून एकदाच, एका बैठकीत जेवायचं व्रत. आत्या स्वतः ते वर्षानुवर्षं करत होती. त्या बायकांचे चेहरे बदलले. ज्या म्हातारीने विचारलं होतं तिने आईचा हात आपल्या डोळ्यांना लावला. दुसरी म्हणाली, “लेकुरवाळी असून. धन्य आहेस गं बाई.” कुणीतरी तिला कुंकू लावलं, कुणी तिची ओटी भरली. आई खांबाला टेकून बसली होती, तिच्या ओठांना रंग नव्हता, आणि तिच्या ओटीत तांदूळ पडत होते. तिने आत्याकडे पाहिलं. मग मान खाली घातली. मी ओरडायला हवं होतं. बाळ माझ्या कडेवर रडत होतं आणि मी उभी राहिले.

संध्याकाळपर्यंत ही बातमी नवी पेठेत पोचली. दुकानात येणारा जो तो वडिलांचं अभिनंदन करत होता. घरात नवरा मुंबई टाइम पाळतो, बायको एकाशन करते, घर असावं तर असं. वडील घरी आले ते हातात लुगडं घेऊन. इरकली काठाचं, चांगलं भारी. त्यांनी ते आईपुढे ठेवलं आणि खरोखर गहिवरून म्हणाले, “मला सांगायचं तरी की. मला वाटायचं तू जेवतेस.” मग ते जेवायला बसले. त्या दिवसापासून त्यांची घाई संपली. आता मागे कुणी खोळंबलेलं नव्हतं, सूर्य जाईपर्यंतची सगळी मिनिटं त्यांची होती. आईचं त्यांच्या ताटात बसणंही बंद झालं. ते ताट थेट घासायला जाई.

आत्यावर मी बरीच वर्षं दात खाऊन होते. आता तिच्याबद्दल वेगळंही मनात येतं. तिचं एकाशन तरी तिने कधी ठरवलं होतं? चौदाव्या वर्षी विधवा झालेल्या मुलीचं संध्याकाळचं ताट कुणीतरी असंच उचललं असेल आणि त्याला व्रत म्हटलं असेल. तिला ते एक नाव ठाऊक होतं, तेच तिने माझ्या आईला दिलं. पण म्हणून मी तिला माफ केलं असं नाही. जिला भूक ठाऊक आहे तिने तर असं करायचं नव्हतं.

संक्रांतीनंतर दिवस वाढला. माझ्या मनाने मी मिनिटं मोजत होते. माघात वडील जेवून उठल्यावर दहा मिनिटं उरू लागली, फाल्गुनात वीस, चैत्रात तर अर्धा तास ऊन असे. मी एकदा आईसाठी पाट मांडला. तिने तो भिंतीला लावून ठेवला. लांब दिवस बरा म्हणणारी बाई लांब दिवसभर चुलीपाशी बसून राहायची आणि उजेड संपायची वाट बघायची, कारण उजेड संपला की आमचं आवरून तिला पडायला मिळे. बाळाचं अंगावरचं दूध तोवर आटलं होतं. ते गाईच्या दुधावर वाढलं आणि कायम अशक्त राहिलं.

पुढची दिवाळी आली आणि गेली. त्यानंतर थोड्याच दिवसांत वडिलांना मुंबईला जायचं होतं. दीड वर्ष त्यांना सवय होती, गाडी धरायची तर आपल्या घड्याळात एकोणचाळीस मिळवायचे. त्या दिवशी, देव जाणे कुठे लक्ष होतं, त्यांनी मिळवायच्या ऐवजी वजा केले. ट्रंक घेऊन ते ऐटीत स्टेशनावर पोचले तेव्हा गाडी जाऊन तास उलटला होता. हमाल हसले, टांगेवाला हसला, आणि दुसऱ्या दिवशी पेठ हसली. कुणीतरी पाटीखाली खडूने लिहिलं, ‘येथे गाडी चुकवून मिळेल.’ वडील सगळं सहन करतील, पण हसं सहन करणार नाहीत. दुपारी पाटी उतरली. घड्याळ त्यांनी चेनीसकट काढलं, एकोणचाळीस मिनिटं पुढे केलं, आणि म्हणाले, “व्यवहाराला अडचण होते.” घरातलं घड्याळही पुढे झालं. देशाचं काय झालं ते कुणी विचारलं नाही.

त्या संध्याकाळी वडील स्टेशनच्या पाचला घरी आले. ऊन अंगणात पसरलेलं होतं. ते जेवले, उठले, हात पुसत ओसरीवर गेले. मी धाकटीला बाजूला करून माळवदावर चढले. सूर्य कठड्याच्या वर चांगला कासराभर होता. मी झरोक्यातून जोरात ओरडले, “दिवस आहे,” आणि धावत खाली आले. वडिलांचं ताट तसंच होतं. मी त्यात दोन भाकरी वाढल्या, आमटी वाढली, चटणी वाढली, पाण्याचा तांब्या भरला आणि पाट मांडला. आईला म्हणाले, “बस.”

आत्या म्हणाली, “उचल ते. तिचं एकाशन आहे.”

“एकाशन नाही,” मी म्हणाले. माझा आवाज इतका चढला की वडील ओसरीवरून आत आले. “कुणीही घेतलं नव्हतं ते. अण्णा, ती तुमची वाट बघत होती. रोज बघत होती. तुम्ही एकोणचाळीस मिनिटं उशिरा येत होता म्हणून ती उपाशी राहिली आणि आत्याने त्याला व्रत म्हटलं. आता घड्याळ फिरवलंय ना? मग तिला जेवू द्या.”

मी आयुष्यात त्यांच्याशी एवढं सलग कधी बोलले नव्हते. मला वाटलं ते मारतील. त्यांनी मारलं नाही. ते दारात उभे राहिले, त्यांचा चेहरा उतरला, आणि त्यांनी आईकडे पाहिलं. खरं सांगते, त्या घरात मी त्यांना पहिल्यांदाच तिच्याकडे असं बघताना पाहिलं. त्यांनी हळू विचारलं, “खरं का गं?”

सगळं तिच्या तोंडाशी आलं होतं. ताट वाढलेलं, ऊन अंगणात, विचारणारा विचारत होता. एक शब्द बोलायचा होता. आईने आधी आत्याकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे. मंदिरात भरलेली ओटी, पेठेत झालेलं नाव, ते इरकली लुगडं, हे सगळं तिच्या डोक्यातून गेलं असेल. किंवा काहीच गेलं नसेल, नुसती सवय असेल. ती म्हणाली, “व्रत आहे माझं. ती पोर आहे, तिला काय कळतं.”

वडिलांनी सुस्कारा सोडला. त्यांना किती बरं वाटलं ते मला दिसलं, आणि ते मी त्यांना कधी विसरू दिलं नाही. “बघ,” ते मला म्हणाले आणि चपला घालून दुकानात गेले. आत्याही उठून देवापाशी गेली.

मी आईच्या पाटावर बसले. मी साडेचारलाच जेवले होते, पोट गच्च होतं. पण ते ताट मी गाईला जाऊ देणार नव्हते. मी भाकरी मोडली, आमटीत कुस्करली आणि तिच्यासमोर जेवायला लागले, तिला दाखवून, तिला लागावं म्हणून. मला तिला दुखवायचं होतं. ती उठून जाईल असं मला वाटलं. ती गेली नाही. समोर गुडघ्यावर हनुवटी ठेवून बसली.

“आमटीत मीठ बरोबर आहे का गं?” तिने विचारलं. “संध्याकाळची चव मला आता सांगता येत नाही.”

मी म्हणाले, बरोबर आहे. मी खात राहिले. मी शेवटचा घास घेतला तेव्हाही दिवस मावळायचा होता, आणि ती माझ्या हाताकडे बघत होती.